मलेशियात दगड नाहीत का?

तावाउ, सबाह
रविवार, १४ जुलै २०१३

इना,

पत्र पोचलं म्हणजे मीही पोचले असं समजा. पेनी, आजीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. अडलीस तर अडलीस, पण मनाचं काही घुसडू नकोस.

तुम्ही पहिल्यांदा दगडाचीच चौकशी कराल, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. दगड सुखरूप आहे. जहाजात सगळे दिवस उशाला घेऊन झोपले. शेजारच्या बाईनं विचारलं, सोनं आहे का गं? म्हटलं, सोनं असतं तर त्यावर झोपले असते का, विकून विमानानं नसते गेले? नुनुकानला, आपल्या देशाच्या शेवटच्या बंदरात, पासपोर्ट होईपर्यंत अकरा दिवस गेले. तिथून लाँचनं इकडच्या धक्क्यावर उतरले, तर तिथल्या साहेबानं माझी पिशवी टेबलावर उलटी केली. दोन सारोंग, जपमाळ, मक्याची पुरचुंडी आणि धप्पकन दगड.

"हे काय?"

"दगड."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"मका चेचायला."

"मलेशियात दगड नाहीत का?"

"असतील की साहेब. पण माझी सासू त्यांना ओळखत नाही."

तो हसला, मागच्या रांगेतले हसले, आणि शिक्का बसला. म्हणजे इना, या देशात मला तुमच्या नावावर प्रवेश मिळालाय. हे कुळातल्या थोरल्या काकांना जरूर सांगा. बाई एकटी समुद्रापलीकडे गेली तर वाऱ्यावर जाते असं ते म्हणत होते ना? पिशवीत पाच शेर वजनाचा दगड असला की वारासुद्धा वाट सोडून देतो.

काम मिळालं. पामचा मळा आहे, आपल्या डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावला तरी उरेल एवढा. पुरुष लांब काठीच्या विळ्यानं घड पाडतात, आणि खाली सांडलेली फळं आम्ही बायका वेचून पोत्यात भरतो. संध्याकाळी हात नारिंगी होतात, साबणानं जात नाहीत. काट्यांचं विचारू नका. राहायला लाकडी चाळ आहे, रांगेत चौदा खोल्या. सहावी माझी. तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे असते.

तुमच्या मुलाचा अजून पत्ता नाही. मळे पुष्कळ आहेत, माणसं त्याहून पुष्कळ, आणि अर्धी इथे दुसऱ्याच नावानं राहतात. शोधते आहे. तुमचं बोलणं लक्षात आहे: "त्याला या दगडानं चेचलेल्या मक्याची तिती खाऊ घाल. पोटाला घर आठवलं की पायांना आठवतं." पुढच्या मक्याच्या कापणीपर्यंत बोरोला घेऊन परत यायचं आपलं ठरलंय, हेही लक्षात आहे. आठ वर्षं वाट पाहिलीत, आणखी काही महिने धीर धरा.

पेनी, आता वाचणं थांबव आणि आजीला पाणी दे. वेणी रोज घाल. पाठीवर मोकळे केस सोडून शाळेत गेलीस असं मला कळलं तर इथून कान ओढीन.

तुमची सून,
बारेक


तावाउ
रविवार, ६ ऑक्टोबर २०१३

इना,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर पेनीचं, पण शिव्या तुमच्याच. मन भरून आलं.

मी दगडाची बढाई मारली आणि पुढची गोष्ट लिहिलीच नाही, ती आज लिहिते. तुम्ही मला हातातला दगड दिलात, पण खालचा तर आपल्या चुलीशीच राहिला. एका दगडानं तिती कशी व्हायची? पहिल्या रविवारी मी खोलीच्या दाराशी सिमेंटची पायरी होती ती निवडली. मातीचं मडकं नव्हतं, कढईत मका भाजला. दाणे फुटायच्या आत गरम गरम चिमटीत उचलले, पायरीवर ठेवले, आणि चेचले. तिसऱ्या घावाला पायरीचा कोपरा उडाला. तितीत सिमेंट आणि सिमेंटमध्ये तिती. मुकादम धावत आला.

"काय गं ए, घर पाडायला आलीस का मळ्यावर?"

म्हटलं, तुमची पायरी एवढी कच्ची असेल हे मला काय ठाऊक. आमच्याकडे एका दगडावर चार पिढ्या चेचतात, त्याला ओरखडा येत नाही. पायरी मी स्वतःच्या हातानं लिंपून दिली. मग आपल्या आदोनारा बेटावरचेच एक म्हातारे आहेत इथे, तुतो नावाचे. गेली तीस वर्षं ते घडांची गाडी चालवतात. त्यांनी नदीतून काळा, सपाट दगड काढला आणि घडांच्या ढिगाऱ्यावर घालून आणला. पाटाएवढा आहे. उतरवायला चार माणसं लागली. तुतोंनी हात झटकले आणि ते म्हणाले, "बारेक, तू आता इथून हलायची नाहीस. एवढा दगड परत कोण नेणार?" मी म्हटलं, पुढच्या कापणीला जायचंय मला. ते नुसतेच हसले.

आता दर रविवारी चर्चच्या बाहेर चिंचेखाली मी बसते. आपल्याकडची माणसं प्रार्थना संपायची वाट पाहत नाहीत हो, अर्धी मंडळी मधल्या गाण्यालाच बाहेर सटकतात. फादर मला म्हणाले, "बाई, तुझ्या मक्यानं माझं चर्च रिकामं केलं." मी म्हटलं, फादर, प्रवचन आखूड करा. दुसऱ्या रविवारपासून त्यांनाही एक पुडी बांधून ठेवते.

मागच्या रविवारी एक पोरगा पहिला घास खाऊन माझ्यासमोरच रडायला लागला. आपल्या पलीकडच्या गावचा होता. रडता रडता दुसरी पुडी मागून घेतली. माणसं चांगली रडतात इथे, पोटभर खाऊन.

पूर्वी तिती चेचताना बोटं भाजायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, "भाजू देत, भाजलेल्या बोटांनाच कळतं." तेव्हा मला तुमचा राग यायचा. आता बोटं भाजत नाहीत. कातडी जाड झाली, एवढंच.

बोरोचा शोध चालू आहे. एकदा सापडला की त्याला जरा कमी भाजलेली देईन. पुढचा दात तुटल्यापासून त्याला कडक चावत नाही.

पेनी, गणितात कमी गुण का? आजीला सांगू नकोस, मलाच लिही.

बारेक


तावाउ
रविवार, १२ जानेवारी २०१४

इना,

हे पत्र मी लुकास गुरुजींच्या नावावर पाठवते आहे. चॅपेलात मुलांना धर्म शिकवतात ते गुरुजी. गुरुजी, तुम्हीच वाचून दाखवा. पेनीला मागच्या अंगणात कोंबड्या बघायला पाठवा. हात जोडून सांगते.

इना, तुम्ही फक्त एक ओळ पाठवलीत: "माझा मुलगा घरून निघाला तेव्हा त्याचे सगळे दात शाबूत होते. दात तुटलेला तुला कुठे दिसला?"

वाचलं आणि मी पोत्यावर बसूनच राहिले. तुम्हाला वाचता येत नाही असं अख्खं गाव म्हणतं. तुम्ही तर न लिहिलेलंही वाचता.

तर ऐका. इथे आल्यावर नवव्या दिवशी तो मला भेटला. पहिलं पत्र लिहायच्याही आधी. मी खोटं लिहिलं. ते पेनीच्या तोंडून वाचलं जाणार होतं म्हणून लिहिलं, आणि थोडं माझ्यासाठीही लिहिलं. कागदावर तो हरवलेला राहिला की मला तो शोधता येत होता.

शेजारच्या मळ्यावर तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तुतोंनीच घर दाखवलं, आणि स्वतः लांब उभे राहिले. दारात एक बाई धुणं पिळत होती. तिमोरची, मार्ता नावाची. तिच्या मागे दोन मुलगे, एक सहाचा, एक तीनचा. मोठ्याची भुवई सासऱ्यांसारखी मधे तुटलेली. मला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

बोरो बाहेर आला. त्यानं मला ओळखलं, तसा तो माणूस मंद नाही. म्हणाला, "तू? इथे?" मी म्हटलं, तुझ्या आईनं पाठवलंय. धुणं हातात तसंच धरून मार्ता पुढे आली. तिनंच विचारलं, "ही कोण?" तो म्हणाला, "गावाकडची." गावाकडची! नऊ महिने पोटात आणि आठ महिने कडेवर त्याचं मूल मी वागवलं तेव्हा तो माझ्याशेजारी होता, आणि मी झाले गावाकडची.

मार्ताला माझी काहीच कल्पना नव्हती. तिचा चेहरा पाहूनच कळलं. मला तिचा तिरस्कार करायचा होता, तयारी पूर्ण होती, पण तिनंच त्याला ओल्या कपड्यानं फटका मारला. त्यानंतर तिरस्कार करायला काही उरलं नाही.

तरीही मी तुमचं काम केलं. पुढच्या रविवारी त्या दगडाची तिती घेऊन गेले. त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, इना जिंकल्या. आता उठेल, पिशवी भरेल. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "अगदी आईच्या हातची." मग म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा जास्त आणशील? पोरांनाही आवडली."

एवढंच, इना. पोटाला घर आठवलं. पाय जागचे हलले नाहीत. उलट त्याची सोय झाली. आईचा हात, दुसरी बायको, पोरं, सगळं एकाच ताटात. मी त्याला सात रविवार तिती पुरवली. का, ते विचारू नका. कदाचित मला वाटलं की आठव्या घासाला जे झालं नाही ते ऐंशीव्याला होईल. आपण बायका चेचत राहतो, तशी सवयच असते हाताला. मग एका रविवारी मार्ता स्वतः आली, म्हणाली, "ताई, मला शिकवा ना, म्हणजे तुम्हाला त्रास नको." मी म्हटलं, नवरा घेतलास तो घेतलास, दगड मिळणार नाही. तेव्हापासून त्याचा वाटा बंद केला.

आता माझं ऐका. मी त्याला आणू शकत नाही. तो बैल नाही, दोर बांधून बोटीत चढवायला. आणि त्याच्याशिवाय मी परत येणार नाही, कारण येऊन काय करू? तुमच्या घरात अशा माणसाची बायको म्हणून राहू जो जिवंत आहे, धष्टपुष्ट आहे, आणि दर रविवारी दुसऱ्या बायकोच्या पोराला खांद्यावर घेऊन चर्चला जातो? विधवा झाले असते तर निदान काळा कपडा घालून मानानं बसता आलं असतं.

मला इथे दोन वर्षांचा परवाना आहे. काम आहे. चिंचेखालची जागा आहे, ती आता माझ्याच नावानं ओळखतात. मी इथेच राहणार. रडत नाही, रागावून लिहीत नाही, विचार करून लिहिते.

फक्त पेनी. मला पेनी हवी आहे. मळ्यात शाळा आहे, आपल्याच देशाहून आलेले मास्तर शिकवतात, नववीपर्यंत. मॅनेजरकडे अर्ज दिला आहे. इना, तुम्ही मला मुलगा आणायला पाठवलंत, आणि मी उलट तुमची नात मागते आहे. लाज वाटायला हवी होती. वाटत नाही.

बारेक


तावाउ
रविवार, २ मार्च २०१४

इना,

पत्र आलं. तुमचं नाही, थोरल्या कोपोंग काकांचं. त्यांनी लिहायला सांगितलं आणि अक्षर मात्र पेनीचं. म्हणजे पेनीला सगळं कळलं. गुरुजींनी वेगळं लिहून कळवलं, तुम्ही त्यांच्या हातातून माझं पत्र काढून घेतलंत आणि म्हणालात, "माझ्या घराची गोष्ट परक्या तोंडातून ऐकणार नाही. पेनी, वाच." आणि माझ्या पोरीनं ते वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता.

पेनी, तू रडलीस का? मला कुणी लिहिलं नाही. रडली असलीस तर चांगलं झालं, नसलीस तर त्याहून चांगलं.

आता काकांचं उत्तर. पेनी, हे त्यांच्या अंगणात जाऊन वाच, सरळ उभी राहून.

काका, तुम्ही लिहिता: बारेकसाठी आमच्या कुळानं वधूमूल्य म्हणून हस्तिदंत दिला आहे, छातीएवढ्या लांबीचा. ती आमची, तिची मुलगी आमची. ईस्टरच्या आत ती परत आली नाही तर मुलगी माझ्या घरी राहील आणि आईचं नाव विसरेल.

तर काका, त्या हस्तिदंताची हकिकत मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही तो आमच्या बापाच्या घरी आणलात तेव्हा ढोल वाजले, डुकरं कापली. आमच्या भिंतीला तो दोन वर्षंही टेकला नाही. माझ्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा तो वहिनीच्या घरी गेला. तिच्या भावाच्या लग्नात तिथून डोंगरापलीकडे गेला. आता तो कुठे आहे ते कुणालाही धड सांगता येत नाही, आणि तरी सगळे त्याचा मानच राखतात. तो हस्तिदंत घरोघर फिरतो. त्याला कुणी म्हणत नाही, ईस्टरच्या आत परत ये. मी एकदा बोटीत बसले तर तुमचं कूळ बुडालं?

दुसरं. बोरो नऊ वर्षं बाहेर आहे, त्यानं दुसरं घर मांडलं. त्याला तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. तो कुठे आहे ते मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुमचा सगळा कायदा नेमका चुलीपर्यंत येतो आणि थांबतो. बायकांवर चालतो तेवढाच कायदा, बाकी आपला रिवाज!

पेनी माझं नाव विसरेल म्हणता. खुशाल प्रयत्न करा. ती रोज माझं नाव कागदावर लिहिते.

इथवर काकांचं. आता अंगणातून घरी ये.

इना, त्या सबंध पत्रात तुमचं एकही वाक्य नाही. एक शिवीसुद्धा नाही. ते मला काकांच्या धमकीपेक्षा जास्त लागलं. मी तुमच्या मुलाला आणू शकले नाही याचा राग असेल तर मला शिव्या द्या, दगड परत मागा. दगड परत मागितलात तर मी तो धुऊन, कापडात गुंडाळून पाठवीन, शब्द आहे माझा. मला इथे दुसरा मिळेल. साहेब बरोबर बोलला होता, मलेशियात दगड आहेत. पण तुम्ही गप्प राहू नका.

परवा मॅनेजरनं बोलावलं होतं. अर्ज मंजूर झाला. म्हणाला, "मुलगी दहा वर्षांची आहे ना? शाळेत घाल, मळ्यात राबायला आणू नकोस." मी म्हटलं, साहेब, राबायला मी पुरी पडते. जूनमध्ये तुतो गावी येऊन परत फिरणार आहेत. त्यांच्याबरोबर पेनी यावी. मी नुनुकानला धक्क्यावर उभी असेन. पासपोर्टची सगळी धावपळ मी करीन.

तिला तुमच्या घरातून कुणी ओढून आणणार नाही. दार तुमचं आहे, तुम्हीच उघडायचं. पण उघडलं नाहीत, तर मी येईन, आणि मी दार वाजवत बसणारी नाही.

बारेक


तावाउ
रविवार, २९ जून २०१४

इना,

पेनी पोचली.

हे पहिलं लिहिते, बाकीचं नंतर. नुनुकानच्या धक्क्यावर मी पहाटेपासून उभी होते. जहाजातून माणसांचा लोंढा उतरला आणि मी नऊ वर्षांची मुलगी शोधत राहिले, म्हणजे मी सोडून आले होते तेवढी. माझ्या खांद्याला लागणारी एक लांब पायांची पोर समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आजपर्यंत एकदाही मोकळे केस सोडले नाहीत." मी तिला मिठी मारली आणि मग धक्क्यावरच, सगळ्यांच्या देखत, भोकाड पसरलं. मी रडत नाही असं लिहिलं होतं ना मागे? ते खोटं समजा.

तिनं मला सगळं सांगितलं. काका, त्यांचे दोघं भाऊ आणि आणखी चार पुरुष तुमच्या ओट्यावर येऊन बसले. काकांनी खाकरून सुरुवात केली की हस्तिदंत दिलेला आहे, म्हणून पोर इथेच राहील. तुम्ही चुलीपाशी मका भाजत होतात. उठलाच नाहीत. तिथूनच म्हणालात, "हस्तिदंत कुणासाठी दिला होता?" काका म्हणाले, "बोरोच्या लग्नासाठी." तुम्ही म्हणालात, "मग बोरो आणा. मुलगा माझ्यासमोर बसवा, मग सून मागा, मग नात मागा. तुम्ही सात पुरुष आहात, एक बोट भाड्यानं करा." मग तुम्ही सगळ्यांना तिती वाढलीत, आणि ते बापडे खाऊन गेले. पेनीनं नक्कल करून दाखवली, काका चावताना कसे खाली बघत होते त्याची. आमची अख्खी चाळ हसली.

आणि मग तुम्ही तिला घेऊन वाईवेरांगच्या धक्क्यापर्यंत चालत आलात. गुडघे दुखत असताना. होडी सुटल्यावर तुम्ही काठावरून ओरडलात. तो निरोप पेनीनं रस्ताभर घोकत आणला. मी तिला तीनदा म्हणायला लावला: "आईला सांग, दगड मी मुलासाठी दिला नव्हता. माझ्या सासूनं मला दिला, मी सुनेला दिला. आणि त्याला आता एक दाणाही नाही."

मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखलंच नाही, इना. मला वाटायचं तुमचा जीव फक्त मुलात आहे.

आता आजच्या सकाळचं. चिंचेखाली आम्ही दोघी बसलो होतो. मी चेचत होते, पेनी पुड्या बांधत होती. तिची बोटं भाजतात अजून, फुंकर मारते. रांगेत मार्ताची दोन्ही मुलं होती. त्यांना मी मूठमूठ दिली. तुमचा हुकूम त्यांच्यावर नव्हता, आणि नातवंडं तीही तुमचीच. चूक वाटली तर कळवा, पण मी देतच राहीन.

त्यांच्या मागे बोरो होता. बऱ्याच महिन्यांनी आला. म्हणाला, "बारेक, आता राग सोड. दे थोडी."

मी काही बोलायच्या आत पेनीनं डब्याचं झाकण लावलं.

"तुम्हाला नाही."

तो हसला. "का गं, मी काय केलं?"

"तुमच्या आईनं सांगितलंय. एक दाणाही नाही."

त्याचं हसू गेलं. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळ, भुवया, वेणी. आठ महिन्यांची सोडून गेला होता तिला. म्हणाला, "तू कोण?"

ती म्हणाली, "आजीची पत्रं वाचायचे, ती मी."

त्यानं डब्याकडे पाहिलं. मागची माणसं म्हणाली, "ए, घ्यायचं नसेल तर सरक ना." मग तो सरकला. मुलांचे हात धरून गेला. धाकटा चालता चालता खात होता, आणि बोरो त्याच्या मुठीकडे बघत चालला होता. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला आनंद होईल. आनंद नाही झाला. पण पुढचा घाव दाण्यावर नेमका बसला.

पेनीची शाळा उद्यापासून. खालचा दगड काळाच आहे, नदीतला. हातातला तुमचाच. डाव्या अंगानं थोडा झिजलाय, म्हणजे तुमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या हे मला आत्ता समजलं, मीही तशीच धरायला लागले आहे. ज्या साहेबानं शिक्का मारला त्याला आज ओळखलं, चर्चला येतो तो. दोन पुड्या घेतल्या आणि म्हणाला, "सासू बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे, इकडे यायला तयार होत नाही एवढंच. या ना, इना. कुलूप आहे, किल्लीची दुसरी प्रत काढून ठेवली आहे.

तुमची वाचणारी तुम्ही मला देऊन टाकलीत. आता हे पत्र कोण वाचतंय? गुरुजीच असणार. परक्या तोंडाची तुम्हाला इतकी चीड, तरी आता तेच ऐकावं लागतंय, आणि ते माझ्यामुळे. म्हणून गुरुजींना माझी विनंती. दार लावून हळू आवाजात वाचू नका. ही घरातली झाकायची गोष्ट नाही. दार उघडा, ओट्यावर या, काकांच्या अंगणापर्यंत जाईल एवढा आवाज काढा, आणि पुढची ओळ दोनदा वाचा.

इनांनी सांगितलं होतं तसं, त्याला एक दाणाही दिला नाही.

तुमची सून,
बारेक